जाताना थंड, येताना गरम

६ मार्च १९७८

आज स्कूटर परत बंद पडली. वडकबाळच्या पुलाच्या अलीकडं, भर उन्हात, जिथं सावलीला एक धड बाभळ नाही. सकाळी जाताना मुकाट जाते. दुपारी येताना हिला ताप चढतो. आधी जोर कमी होतो, मग कांदा करपल्यासारखा वास, मग टक्‌, आणि गप्प. कस्तुरीनं किक मारली. किक खालीच जाईना.

मी दगडावर बसले, नात उभी. "अज्जी, बाबांना सांगू नको." म्हटलं, मी कशाला सांगू, तुझं तोंडच सांगेल. टमाट्यासारखं झालंय.

गार झाल्यावर निघाली. घरी आलो तर मल्लू दुकानाच्या पायरीवर. घड्याळ बघितलं, आम्हाला बघितलं, आत जाऊन सुताची गाठोडी मोजत बसला. माझा लेक बोलत नाही तेव्हा जास्त बोलतो.

त्याच्या अटी लिहून ठेवते, नाहीतर उद्या फिरवील. पोरीनं मंद्रूपच्या शाळेत शिकवायचं तर दोन गोष्टी. एक, ती एकटी जाणार नाही, अव्वा, म्हणजे मी, मागं बसणार. दोन, गाडी वाटेत बंद पडता कामा नये. पडत राहिली तर राजीनामा, आणि मग अक्कलकोटचं स्थळ. मुलगा तूरडाळीचा व्यापारी. मी बघितलाय. तोंड म्हणजे सुट्टीच्या दिवशीचं दुकान.

यष्टीचा उपयोग नाही. सकाळची शाळा, पहिली यष्टी पोचेपर्यंत पोरांचे पाढे म्हणून होतात.

७ मार्च

विजापूर वेशीत दस्तगीर मिस्त्रीकडं गेलो. कस्तुरीला आता नुसतं क. लिहीन. नाव लांब, पेन्सिल आखूड.

दस्तगीर म्हणाला, "अम्मा, ये गाडी हवा पे ठंडी होती. इसमें पानी नै रहता."

म्हटलं, पाणी नाही तर थंड कशी होईल?

"अंदर पंखा है. पंखा हवा मारता, इंजन ठंडा होता."

म्हटलं, माझ्या घरात पण पंखा आहे. मार्चपासून गरमच हवा मारतो.

हसला. "हौ, वो बी सच है."

प्लग साफ केला. क.ला सांगितलं, चढावर जोर करू नको, गियर कमी कर. पेट्रोलात ऑईल मापानं घाल, कमी नको, जास्त नको. पोरीनं सगळं माना डोलवत ऐकलं. शाळेत शिकवते आणि स्वतः अजून विद्यार्थी.

८ मार्च

आज मी माझ्या डोक्यानं केलं. पंपावर ऑईल घालणाऱ्याला म्हटलं, सढळ हातानं घाल. भाजीत तेल असलं की बुडाला लागत नाही. क. म्हणाली, "अज्जी, मिस्त्रीनं माप सांगितलंय." म्हटलं, मिस्त्रीनं जन्मात कधी भरली वांगी केलीत का?

सोरेगावपर्यंत मागं एवढा धूर की एक बैलगाडीवाला ओरडला, "आज्जे, पोरीला शाळंला सोडालीस का गावातली डासं मारालीस?" तेरामैलाला खोकायला लागली. क.नं प्लग काढला. काजळ. पदरानं पुसला. माझ्या पदरानं, स्वतःच्या नाही.

शाळेत पोचलो तेव्हा पहिला तास चालू. हेडमास्तर दारात. मी म्हटलं, मास्तर, धूर माझा, बाईंचा नाही. तो हसला नाही. वाईट माणूस नव्हे, पण हसायचं त्याला कुणी शिकवलं नाही. म्हणाला, "आज्जी, जूनला बाईंना कायम करायचं का नाही, ते मी लिहून द्यायचं असतं. असा उशीर होत राहिला तर मी काय लिहू?"

म्हणजे दोन माणसं काठी घेऊन बसलीत. एक घरात, एक शाळेत. मधे ही तापणारी.

ऑईल मापानं. हे कबूल.

११ मार्च

अंगणातल्या माठाला ओलं गोणपाट गुंडाळत होते आणि एकदम सुचलं. आत पाणी नसेल तर बाहेरून घालू. माठ ह्याच उन्हात उभा असतो आणि संध्याकाळी दात शिवशिवतील असं पाणी देतो. इंजिन काय माठापेक्षा शहाणं आहे?

गोणपाट कापलं, दोन पदरी शिवलं, नाड्या लावल्या. इंजिनाच्या बाजूला जे फुगीर झाकण आहे त्यावर बरोबर बसलं. भोकंबिकं सगळी झाकली गेली. वर मी बसले की निसटायचं नाही. पाण्याची कळशी पुढच्या आकड्याला.

क. बघत उभी. "अज्जी, मिस्त्रीला विचारूया की."

"सुम्न कुंद्र," म्हटलं. कानडीत सांगितलं की ती गप्प बसते. लहानपणापासून.

१३ मार्च

उजव्या गुडघ्याला हळद लावलीय. तिच्या कोपराला. लिहिते.

जाताना छान. शाळेत मुलं गोणपाट बघायला जमली. हेडमास्तरसुद्धा वाकून बघून गेला. मी ऐटीत.

येताना पुलावर थांबून गोणपाटावर अर्धी कळशी ओतली. वाफ आली. मला वाटलं ताप उतरालाय. ताप उतरत नव्हता, आत दाबला जात होता. हत्तूरच्या अलीकडं मागचं चाक एकदम धरलं. गाडी घसरली, आम्ही दोघी ज्वारीच्या धसकटात. क. उठून आधी मला बघायला आली, मग गाडीला. बरोबर केलं.

कांद्याच्या ट्रॅक्टरवाल्यानं गाडी पोत्यांवर चढवली, आम्हाला पण. म्हणाला, "म्हातारे, तुजं वय काय, बसतीस कशावर?" म्हटलं, आत्ता तर तुझ्या कांद्यावर बसलेय, हाक.

शुक्रवार पेठेत सगळी गल्ली बघत असताना कांद्यावरून उतरलो. मल्लूनं क.चं कोपर बघितलं. तोंड पांढरं झालं त्याचं. मग माझ्याकडं वळला.

"अव्वा, आता अजून एकदा. एकदाच. परत बंद पडली की मी अक्कलकोटला कळवालोय."

मी म्हटलं, बरं. घाबरलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो.

१४ मार्च

दस्तगीरनं इंजिन उघडलं. आत धातू धातूला घासून ओरखडे पडलेत. म्हणाला, घासके बिठाता, चार-पाच दिवस लागेंगे. तोवर यष्टी आणि उशीर. हेडमास्तरला क.नं सांगितलंय गाडी दुरुस्तीला आहे. तो "हं" म्हणाला म्हणे.

मग दस्तगीरनं गोणपाट दोन बोटांत धरून वर केलं, मेलेला उंदीर धरतात तसं. "अम्मा, ये क्या?"

मी सांगितलं. माठाचं.

त्यानं दुसऱ्या कुणाची तरी तसलीच गाडी चालू केली. माझा हात धरून झाकणाच्या भोकांपाशी नेला. आत ओढ लागत होती. श्वास घेतल्यासारखी. "यहाँ से हवा लेती. तुमने इसका नाक बंद किया."

मी हात पदराला पुसला. मग म्हटलं, हे पहिल्याच दिवशी हात धरून दाखवलं असतंस तर माझा गुडघा वाचला असता.

"तुम सुनते कहाँ, अम्मा?"

खरं आहे. पण त्याला तसं सांगितलं नाही.

माठ पाझरतो म्हणून गार. लोखंड पाझरत नाही. हे मला सुचायला हवं होतं. पुढं.

१९ मार्च

गाडी आली. सुट्टी. मल्लू कुठल्याशा लग्नाला गेलाय. दोघी अंगणात.

नाक बंद करणं चूक, हे पटलं. मग सगळंच उघडं करणं बरोबर, की नाही? बाजूचं झाकण काढलं तर आत इंजिनाच्या डोक्यावर अजून एक पत्र्याची टोपी. उन्हाळ्यात आपण डोक्यावरचं काढतो. हिनं घालून ठेवलंय.

क. म्हणाली, "टोपी कशाला तरी असंल की अज्जी."

म्हटलं, दुकानात शोभेला लावत असतील. काढ.

तीन-चार स्क्रू. टोपी माळ्यावर टाकली. झाकण तेवढं परत लावलं. इंजिन आतून उघडं, मोकळं, हवेशीर. मला फार बरं वाटलं.

२० मार्च

जाताना. लक्षात घे, जाताना, सकाळच्या गारव्यात, वडकबाळच्या अलीकडंच तो करपलेला वास. क.नं ताबडतोब बाजूला घेतली. बंद पडली नाही, आम्ही थांबवली. ह्यात फरक आहे आणि मल्लूनं विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं.

गार होईपर्यंत झाकण काढून बसलो. माझ्या पिशवीत सुताचं रीळ असतं, पदर फाटला तर. एक हातभर धागा तोडला. क.ला म्हटलं, चालू कर, नुसती चालू ठेव. पंख्यापाशी धागा धरला तर ताठ उडाला, बाहेरच्या बाजूला. इंजिनाच्या डोक्यावर, जिथं त्या पातळ पातळ पात्या आहेत, तिथं धरला तर लोंबत राहिला.

म्हणजे पंखा वारा घालतोय, पण रस्त्याला. पात्यांवर काही पोचत नाही.

फुंकणी. चुलीत नुसतं तोंडानं फुंकलं तर राख सगळ्या घरात, जाळ काही पेटत नाही. नळीतून फुंकलं की बरोबर निखाऱ्यावर. ती टोपी म्हणजे ह्या पंख्याची फुंकणी, आणि मी ती माळ्यावर टाकून आलेय.

हे क.ला सांगितलं. ती म्हणाली, "मी म्हटलं होतं." म्हटलं, तू म्हटलंस, पण कशासाठी ते म्हटलं नाहीस. नुसतं म्हणायला काय लागतं.

थांबत थांबत गेलो. दुसऱ्या तासाला पोचलो. हेडमास्तरनं नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. येताना ऊन उतरेपर्यंत शाळेतच बसलो. घरी सांगितलं, मीटिंग होती. होतीच की. दोघींची.

२१ मार्च

शाळेला दांडी नाही, पण गाडी पण नाही. क. यष्टीनं गेली, मी घरी. माळ्यावरून टोपी काढली. बसवायला गेले तर आत बघितलं आणि कपाळाला हात लावला.

पात्यांच्या मधे मधे रुई. दस्तगीरनं आतलं घासलं, इकडं बघितलं नाही, आणि मी पण परवा घाईत. मल्लूच्या सुताच्या गोदामात गाडी उभी असते. तिथं हवेत रुई उडतच असते, आमच्या पानात पडते, केसात पडते. पंखा ती ओढतो, ऑईलवर ती चिकटते, वर रस्त्याची धूळ. वाकळ शिवल्यासारखा थर बसलाय. म्हणजे इंजिनानं आधीच माझ्यासारखं गोणपाट घातलं होतं, आतून. मी वर दुसरं घातलं.

सुनेकडं रॉकेल मागितलं. "अव्वा, रेशनचं हाय," म्हणून दिलं, वाटीभर. खराट्याच्या काड्या घेतल्या. प्रत्येक खाचेतून काडी. हात काळे, नखं काळी. दुपारभर. क. आली ती पण बसली. मल्लू येऊन उभा राहिला.

"काय काढालायसा?"

"तुझी रुई," म्हटलं. "गाडीनं दोन वर्षांत खाल्लेली. उद्यापासून गाडी गोदामात नको, ओसरीत. तुझे सायबाचे जोडे सरकव."

सरकवले. कपाळाला आठ्या. पण सरकवले.

टोपी बसवली. क.नं स्क्रू घट्ट केले, मी परत घट्ट केले. धागा धरून बघितलं. पात्यांवर ताठ.

२३ मार्च

चांगली चालली. दोन दिवस कुठं थांबलो नाही. हेडमास्तर आज म्हणाला, "बाई, वेळेवर." एवढंच. त्याच्या हिशोबानं हे भाषण.

येताना मात्र पुलाच्या पुढच्या चढावर, समोरून वारा असला की दम लागतो. आज वास आला नाही, पण येईल असं वाटलं. क. गियर कमी करते, हळू घेते. तरी. झाकणावर हात ठेवला तर लगेच काढावा लागतो.

पहिल्यासारखं नाही. पण बंद पडायला एकच दिवस पुरतो, आणि एप्रिल तोंडावर आहे. हे मार्चचं ऊन आहे, अजून काहीच नाही.

२७ मार्च

आज कळलं. कुणी सांगितलं नाही. ओसरीत बसून कळलं.

मी शाळेच्या ओसरीत बसते, पोरं मला स्कूटर आज्जी म्हणतात, मी त्यांना जे म्हणायचं ते म्हणते. अकराच्या सुमाराला हेडमास्तरनं क.ला शेजारच्या गावच्या शाळेत पाठवलं, परीक्षेचे पेपर आणायला. कडक ऊन. पोर एकटी गेली, पेपरांचा गठ्ठा घेऊन आली. रस्ता खडबडीत, दोन्हीकडं चढ. मला वाटलं, झालं, आता हिची वाट.

झाकणावर हात ठेवला. ठेवून राहिला. ऊन-ऊन, पण ठेवून राहिला.

तासाभरानं आम्ही दोघी घरी निघालो. पुलापर्यंतच ते झाकण तव्यासारखं.

ऊन तेच, गाडी तीच, चालवणारी तीच. एकच गोष्ट वेगळी होती, आणि ती मागच्या सीटवर आडवी बसलेली होती, नऊवारी इरकल नेसून, मांडीवर पिशवी घेऊन.

क.ला काही बोलले नाही. तिलाही कळलेलं असणार.

२८ मार्च

दस्तगीरकडं एकटी गेले, चालत. म्हटलं, खरं सांग. माझ्यामुळं तापते का?

तो पान्याला तेल लावत बसला. "अम्मा, मैं कैसा बोलूं."

"तोंडानं बोल."

"बच्ची हलकी है. तुम..." हात नुसते दोन बाजूंना केले. मग म्हणाला, छोटं इंजिन, ओरखडे पडलेलं, लांबचा रस्ता, दुपारची झळ, समोरून वारा. दोघी बसल्या की पूर्ण जोर लावून पळावं लागतं, पंख्याला पुरत नाही. "अकेली जाएगी तो बारा महिने चलेगी. गॅरंटी."

म्हटलं, आणि मी बसून?

"अल्ला मालिक."

येताना पेठेत किराणावाल्याच्या तराजूपाशी थांबले. त्याला म्हटलं, मला तोल. तो म्हणाला, "आज्जी, हे ज्वारीचं वजन हाय." म्हटलं, मी ज्वारीच खाते. तोलला नाही. बरंच झालं.

२९ मार्च

मल्लूशी बोलले. जेवायला बसला तेव्हा, म्हणजे उठून जाणार नाही.

म्हटलं, पोरीला एकटी जाऊ दे. मी बसते म्हणून गाडी तापते.

"अव्वा, एकटी जानार न्हाई. आधीच बोललोय."

"एकटी गेली तर बंद पडत नाही."

"आणि एकटी असताना बंद पडली तर? त्या पुलावर? कोन हाय तितं?"

"मी असले तर बंद पडते. मी नसले तर पडत नाही. तुला बंद न पडणारी पाहिजे का मी पाहिजे?"

"दोन्ही," म्हणाला.

दोन्ही. एका अटीनं दुसरीचा गळा धरलाय आणि हा मधे भाकरी मोडालाय. मी म्हटलं, तू सूत विकतोस, गुंता तुला दिसायला पाहिजे. तो म्हणाला, "लोक काय म्हनतील, पोरगी रोज एकटी मंद्रूपला." म्हटलं, लोकांनी तुझ्या पोरीला कांद्यावरून उतरताना बघितलंय, त्याच्यापुढं काय म्हणायचं उरलंय?

उठला नाही. पण हो पण म्हणाला नाही. वाढलेलं सगळं खाल्लं.

क. दाराआड होती. मला दिसली. डोळे कोरडे, ओठ घट्ट. रडली असती तर मी रागावले असते.

३१ मार्च

ठरवलं आणि केलं.

सकाळी नेहमीसारखी मागं बसले. मल्लू पायरीवर उभा राहून बघत होता, त्याला दोघी दिसल्या. विजापूर रोडला जकात नाक्याच्या पुढं लिंबाचं झाड आहे, तिथं क.ला म्हटलं, थांबव. उतरले.

"अज्जी?"

"जा. चढावर जोर करू नको. येताना पुलावर थांबायची गरज नाही, पण वास आला तर थांब. मी हितं आहे."

ती बघत राहिली. म्हटलं, घंटा होईल, तुझा हेडमास्तर भिंतीकडं बघालाय.

गेली. आवाज हलका होता. मागं माझ्याशिवाय त्या गाडीचा आवाज असा असतो हे मला ठाऊकच नव्हतं.

पिशवीत चिंच आणलेली होती. बसून फोडली. चिंचोके एकीकडं, गर एकीकडं. नाक्यावरचा शिपाई विचारत होता, "कुनाची वाट बगालीस?" म्हटलं, चिंच फोडायला घरी जागा नाही.

दुपारी आली. न थांबता. झाकणावर हात ठेवून राहिला. मागं बसले, दोघी घरी. मल्लू पायरीवर. घड्याळ बघितलं. वेळेवर.

४ एप्रिल

चालू आहे. ऊन वाढलं, गाडीचा ताप नाही वाढला. क.नं पात्या परत काडीनं साफ केल्या, स्वतःहून. चिंच संपत आली, सुनेला वाटतं मी शाळेच्या ओसरीत फोडते. शाळेत पोरं विचारतात म्हणे स्कूटर आज्जी कुठं गेली. क.नं सांगितलं, आजारी आहे. म्हटलं, दुसरं काही सुचलं नाही? आजारी मी कधी असते?

७ एप्रिल

उशीर झाला तिला. नेहमीची वेळ टळली. लिंबाची सावली पायावरून सरकून रस्त्यात गेली.

मी काही उठून उभी बिभी राहिले नाही. शिपायाला विचारलं, तिकडून येणाऱ्या ट्रकवाल्यांना विचार, वाटेत कुणी पोरगी दिसली का. त्यानं विचारलं. कुणी पाहिली नाही. हाताला चिंचेचा चिकटा, तसाच.

आली. हेडमास्तरनं परीक्षेच्या कामाला थांबवून घेतलं होतं. म्हणाली, "अज्जी, भ्यालीस?"

"चिंच संपली," म्हटलं.

हेडमास्तर तिला म्हणाला म्हणे, जूनला लिहून देतो, हाच सुधार टिकला तर. टिकला तर. ह्या माणसाला पूर्ण वाक्य देता येत नाही.

१२ एप्रिल

आज मल्लू नाक्यावर आला.

सायकलवर. कुणी सांगितलं असेल, पेठेत माणसांना तोंड असतं. मी लिंबाखाली, पुढ्यात ह्या वेळी शेंगा, सोलायला. त्यानं सायकल झाडाला टेकवली.

"अव्वा, हितं काय करालीस?"

"शेंगा सोलालेय."

"कस्तुरी कुटं हाय?"

"शाळंत. तिची नोकरी तितं हाय."

"एकटी?"

"एकटी. मागच्या महिन्याच्या शेवटापासून. एकदा पण बंद पडली नाही. तुझी दुसरी अट पूर्ण. पहिली मी मोडली. तुला कुणाला रागवायचं असेल तर मी हितं बसलेय, लांब जायला नको."

तो उभाच. कान लाल. ह्याचे वडीलपण असेच लाल व्हायचे, आणि मग काहीतरी फोडायचे. हा फोडत नाही. बसला. माझ्या शेजारी, धुळीत, पांढऱ्या लेंग्यावर. म्हटलं, आलाच आहेस तर सोल. त्यानं मूठभर शेंगा घेतल्या. सोलता येत नाहीत त्याला धड, निम्मे दाणे खाली.

बारा वाजून गेले. तो रस्त्याकडं बघत होता, मी शेंगांकडं.

"रोज ह्याच येळंला येती?"

"येती."

"आज उशीर हाय."

"बस."

मग आवाज आला. लांबून, वळणाच्या अलीकडून. त्यानं माझ्या आधी ऐकला, मान वर केली. क. आली, बाबांना बघितलं, आणि गाडी थांबवली ती आमच्यापासून जरा लांब. बंद केली नाही. पाय खाली टेकून बसून राहिली. तोंडावर धूळ, पदर कमरेला खोचलेला, हात हँडलवर. विचारलं काही नाही, समजावलं काही नाही. मला आवडलं.

मल्लू उठला. गाडीपाशी गेला, एक फेरी मारली, टायर दाबून बघितला. टायरात काय बघायचं होतं.

"अव्वाला घेऊन जा," म्हणाला. "मी सायकलनं येतो."

घरी आला. दुकानात गेला, आला, जेवला. सून माझ्याकडं बघत होती, मी ताकाकडं. हात धुताना मल्लू म्हणाला, माझ्याकडं न बघता, "सकाळी किती वाजता निघती ती?"

"सहाला."

"हं," म्हणाला आणि गेला.

हे हं होकाराचं का अक्कलकोटचं, ते सहा वाजता कळेल. मी काय करायचं ते ठरलंय. उद्या नाक्यावर जाणार नाही. मागं बसून निघायचं नाटक पण नाही. पहाटे डबा भरून देणार, गाडी ओसरीतून अंगणात काढायला हात लावणार आणि पायरीवर मल्लूच्या शेजारी बसणार. त्याला जे म्हणायचं ते तिच्या तोंडावर म्हणू दे.

पेट्रोल आहे. ऑईल मापानं घातलंय.